रिकाम्या खाणीचे दुखणे

मे महिन्यातली गोष्ट. दवाखान्यातली दुपारची गर्दी ओसरली होती. कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेले आणि अलोरेच्या वसाहतीत निम्मे आयुष्य काढलेले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी माहेरपणाला आलेली. सासर चंद्रपूर जिल्ह्यात, कोळसा खाणींच्या पट्ट्यात. वय असेल पस्तिशीच्या आसपास. तक्रारी नेहमीच्याच : झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड राहते. रक्तदाब थोडा वर होता. हिमोग्लोबिन बरे होते, थायरॉईडचा रिपोर्टही व्यवस्थित होता. अशा वेळी औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी मी पेन खाली ठेवतो. "घरी काही काळजी आहे का गं?" असे विचारले.

तिने एकदा वडिलांकडे पाहिले आणि म्हणाली, "काका, आमच्या घराच्या भिंतीला तडा गेलाय. खालून जुनी खाण गेली आहे म्हणतात. मी रात्री मुलांना घेऊन पुढच्या खोलीत, दाराजवळ झोपते. जमीन खाली गेलीच तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून."

वडील हसले. "डॉक्टर, मी हिला सांगतो, आपण भूकंपाच्या गावचे. सदुसष्टच्या डिसेंबरात माझ्या आईवडिलांनी महिनाभर अंगणात मुक्काम केला. हिला एका तड्याची भीती!"

मला मात्र हसू आले नाही. याचे कारण मी तो मुलूख पाहिला आहे. एमबीबीएस झाल्यावर बंधपत्राची दोन वर्षे मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. ते १९९४-९५ साल होते. त्या मुलीची भीती कल्पनेतली नव्हती हेही मला ठाऊक होते. २६ ऑगस्ट २०२२ रोजी त्याच जिल्ह्यातल्या घुग्घुस येथे अमराई वॉर्डातले एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. घरातली माणसे आधीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. शेजारच्या कुटुंबांनाही घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. भूकंप येतो आणि जातो. पायाखालची पोकळी रोज तिथेच असते, आणि तिच्यावर झोपणाऱ्या माणसाचा रक्तदाब वाढला तर त्यात नवल नाही.

वाचकहो, आरोग्याच्या सदरात खाणीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण माणसाचे आरोग्य तो कोणती हवा घेतो, कोणते पाणी पितो आणि रात्री निर्धास्त झोपतो की नाही यावर ठरते, आणि खाण या तिन्ही ठिकाणी हात घालते. शिवाय विजेचे जाळे सगळ्या राज्याचे एकच असल्यामुळे आपल्या घरातल्या दिव्यात कोयनेच्या पाण्याबरोबर चंद्रपूरचा कोळसाही जळत असतो.

आधी जमिनीखाली काय घडते ते सांगतो. कोळसा मातीखाली थरांत असतो, साधारण चकल्यांच्या डब्यात कागद घालतात तसा एकाखाली एक. उघड्या खाणीत वरचे सगळे खणून काढतात. भूमिगत खाणीत तिरपा बोगदा किंवा उभी विहीर खोदून थरापर्यंत जातात आणि थरातून आडवेउभे रस्ते पाडतात. मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. त्या खांबांवर छत, आणि छतावर गाव. पुढे खांबांतला कोळसाही काढायचा असतो. इथे दोन वाटा फुटतात. एक, खांब काढत मागे यायचे आणि छत खाली पडू द्यायचे. दुसरी, काढलेल्या जागेत वाळू किंवा दुसरे काही भरत यायचे. छत पाडले तर जमीन खचते, आणि ते खचणे काढलेल्या थराच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक असू शकते. चांगली भरणी झाली तर तेच खचणे पाच टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे एका वाटेने गेले तर शेतात तळे होते, आणि दुसऱ्या वाटेने गेले तर कदाचित कळतही नाही.

तिसरीही एक वाट आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत फसवी. खांब तसेच ठेवून खाण सोडून द्यायची. दहावीस वर्षे काही होत नाही. वर घरे उठतात, शाळा होते. खाली खांब पाण्याने, हवेने झिजत राहतात. वर्धेच्या खोऱ्यात कोळसा काढण्याला दीडशे वर्षे झाली. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू होऊन १९०६ मध्ये बंद झाली. देशातल्या बहुतेक कोळसा खाणी सरकारने ताब्यात घेतल्या त्या १९७१ ते १९७३ मध्ये. त्याआधी कोणी कुठे किती खणले याचे नकाशे सगळीकडे धड असतीलच असे नाही.

भरणीला खाणीत 'स्टोइंग' म्हणतात. हा शब्द मला शिकवला तो एका वयस्क रुग्णाने. तो खाणीतून निवृत्त झालेला होता, आणि शेवटची दहाबारा वर्षे त्याने स्टोइंगवर काढली होती. बाकावर बसल्या बसल्या तो मला सगळे समजावून सांगे. नदीची वाळू वर हौदात टाकायची. तिच्यावर पाण्याचा फवारा सोडायचा. वाळूपाण्याचा तो रस्सा पाइपातून खाली सोडायचा. तो स्वतःच्या वजनानेच उतरतो, ढकलावा लागत नाही. खाली जिथला कोळसा काढला तिथे बांबूचे तट्टे आणि गोणपाट लावून बांध घातलेला असतो. वाळू आत बसते, पाणी झिरपून बाहेर येते आणि पंपाने परत वर जाते. पाइपात वाळू अडकली की घंटा वाजवून वर कळवायचे. सगळ्यांत कठीण जागा म्हणजे छताखालची शेवटची वीतभर. तिथपर्यंत वाळू पोचली नाही तर भरणी झाली असे दिसते, पण छत अधांतरीच राहते.

त्याचे एक बोलणे मला अजून आठवते. "रिकामी जागा रिकामी राह्यत नाही, साहेब. तुमी वाळू नाही भरली त पाणी येऊन बसते. पाणी नाही त ग्यास. नाही त मंग वरची जमीनच खाली उतरते."

पुढे वाचनात आले तेव्हा कळले, त्याने एका दमात सारे शास्त्र सांगितले होते. पाणी येऊन बसते म्हणजे काय ते २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला येथे दिसले. जुन्या कामात साचलेले पाणी चालू खाणीत फुटले आणि ३७५ कामगार गेले. 'काला पत्थर' हा हिंदी चित्रपट त्यावरूनच निघाला. वायू आणि आग यांचे उदाहरण म्हणजे झरिया. मागे राहिलेल्या कोळशाला हवा लागत राहिली की तो आपोआप तापतो आणि पेट घेतो. झरियातल्या आगीची पहिली नोंद १९१६ सालची आहे. भरणीने हवा कोंडते, म्हणून आगही आवरते. ही गोष्ट इंग्रज सरकारलाही कळली होती. १९३९ मध्ये खास स्टोइंगसाठी कायदा झाला आणि कोळशावर कर बसवून त्या पैशातून भरणीला मदत देण्याची सोय झाली. इतके जुने ज्ञान आहे हे!

जर्मनीसारख्या श्रीमंत देशालाही यातून सुटका नाही. तिथल्या रूर खोऱ्यातली दगडी कोळशाची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. पण दीडशे वर्षांच्या खाणकामाने तिथला काही भाग वीस मीटरपेक्षा अधिक खचला आहे. पंप बंद केले तर वस्त्या पाण्याखाली जातील, म्हणून ते कायमचे चालू ठेवावे लागणार आहेत. खाण बंद झाली तरी तिचा खर्च चालूच आहे.

आता त्या स्टोइंगवाल्या रुग्णाविषयी. हे सांगायला मला आजही जड जाते. तो माझ्याकडे यायचा तो खोकला आणि धाप घेऊन. वजन उतरलेले. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात डाग. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत, तरी मी क्षयाचे औषध सुरू केले. नव्या डॉक्टरला डाग दिसला की क्षयच दिसतो. सहा महिने झाले, धाप तशीच. मी औषध पुन्हा वाढवले. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि मला एवढेच विचारले, "याने स्टोइंगच्या आधी काय काम केलं?" मला उत्तर देता आले नाही. वर्षभर तो माझ्याशी खाणीबद्दल बोलत होता आणि मी गोष्ट ऐकावी तसा ऐकत होतो.

त्याने आधी पंधरा वर्षे दगडात बोगदे पाडायला ड्रिल चालवले होते. कोळशाच्या थरापर्यंत जाताना वालुकाश्म फोडावा लागतो, आणि वालुकाश्मात मोकळी सिलिका भरपूर असते. डोळ्याला न दिसणारा तो चुरा फुप्फुसात जाऊन बसतो, तिथे गाठी होतात, फुप्फुस आखडते. ही सिलिकोसिस. नुसत्या कोळशाच्या धुळीनेही असाच आजार होतो, त्याला न्युमोकोनिओसिस म्हणतात. गेलेले फुप्फुस औषधाने परत येत नाही. धूळ बंद करणे, विडी बंद करणे आणि छातीतला जंतुसंसर्ग वेळीच आवरणे एवढेच हातात उरते. यात आणखी एक मेख आहे. सिलिकाने दुबळ्या झालेल्या फुप्फुसात खरा क्षयही लवकर शिरतो. त्यामुळे 'धुळीचा आजार आहे, क्षय नाही' असे म्हणूनही मोकळे होता येत नाही, दोन्ही तपासावे लागतात. इटलीचे डॉक्टर रामाझिनी यांनी १७०० साली पुस्तक लिहून डॉक्टरांना सांगितले होते की रुग्णाला त्याचा धंदा विचारा. मला ते १९९५ मध्ये समजले. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर नावाखाली कामाची ओळ असते, आणि आजचे नव्हे तर आधीचे कामही मी विचारतो. चिरेखाणीवर यंत्राने चिरा कापणारे, क्रशरवर खडी फोडणारे, फरशीला घासकाम करणारे, हे सगळे आपल्याकडचेच लोक आहेत.

अलोरेत राहून हा प्रश्न सुचायला हवा होता, असेही कोणी म्हणेल. आपल्या पायाखालीही बोगदे आहेत. कोयनेचे पाणी बोगद्यांतून उतरते. पोफळीचे वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला खालून छिद्र पाडण्याचा 'लेक टॅपिंग'चा प्रयोग झाला आणि २५ एप्रिल २०१२ रोजी दुसरा. मग आपले डोंगर खचत का नाहीत? एक तर आपला काळा कातळ बेसाल्टचा, वालुकाश्मापेक्षा कितीतरी टणक. दुसरे म्हणजे बोगदा ही वापरायची जागा असते. तिला काँक्रीटचे अस्तर असते, तिची देखभाल होते. खाणीतली पोकळी ही माल काढून टाकून दिलेली जागा, आणि ती मैलोनमैल पसरलेली. बेसाल्टमध्ये मोकळी सिलिकाही कमी असते. तरी बोगद्यात सिमेंट, सुरुंगाचा धूर आणि धूळ होतीच. त्या काळी बोगद्यात काम केलेल्या कोणाला आज जिना चढताना धाप लागत असेल, तर 'वय झाले' म्हणून सोडून न देता डॉक्टरला ते काम आवर्जून सांगावे.

पुन्हा भरणीकडे येतो. भरणी चांगली, पण ती करायची कशाने? वाळूने, असे पूर्वी सरळ उत्तर होते. नागपूरकडच्या खाणींना कन्हान नदीची वाळू मिळे. पण नदीची वाळू काढली की काय होते हे कोकणच्या वाचकाला मी सांगायला नको. पात्र खोल जाते, काठ ढासळतो, काठच्या विहिरींचे पाणी उतरते. एक पोकळी भरायला दुसरी पोकळी केली असा तो व्यवहार. म्हणून आता उघड्या खाणींवरच्या माती-दगडातून वाळू वेगळी काढतात. नागपूर जिल्ह्यातल्या भानेगाव खाणीवर वेस्टर्न कोलफील्ड्सने तसे काम सुरू केले.

दुसरा पर्याय राखेचा. आपल्या देशातल्या कोळशात राख फार, जळालेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक मागे उरते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, तेव्हा राखेचे डोंगर किती होत असतील याचा अंदाज करावा. ती उन्हाळ्यात उडते आणि दम्याच्या रुग्णांचे हाल करते. केंद्र सरकारच्या १९९९ च्या अधिसूचनेपासून आणि तिच्या पुढच्या दुरुस्त्यांपासून राख वापरायचे बंधन आले, त्यात खाणी भरण्याचाही समावेश आहे. जिथून कोळसा काढला तिथेच त्याची राख घालायची, ही कल्पना मला पटते. पण डॉक्टर म्हणून माझी एक अट आहे. राखेत आर्सेनिक, क्रोमियम, बोरॉन असे घटक अल्प प्रमाणात असतात. ते पाण्यात उतरतात की नाही हे राखेच्या जातीवर आणि पाण्यावर अवलंबून असते. म्हणून राख भरण्याआधी आजूबाजूच्या विहिरींचे पाणी तपासून लिहून ठेवावे, आणि भरल्यावर दर पावसाळ्यानंतर तपासावे. आधीची नोंद नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. बारीक राखेतून पाणीही सावकाश झिरपते, त्यामुळे बांधावर ताण येतो. म्हणजे काम वाळूपेक्षा जिकिरीचे, आणि म्हणूनच देखरेख जास्त हवी.

पाण्याचा विषय निघाला तर विहिरींचे सांगतो. खाण कोरडी ठेवायला रात्रंदिवस पाणी उपसतात. हे पाणी वाया जावे असे मुळीच नाही. पाटणसावंगीच्या खाणीतले पाणी शुद्ध करून पिण्यासाठी बाटलीत भरण्याचा उपक्रम झाला आहे. पण उपशाने जवळच्या विहिरी आटतात, आणि लोक खोल बोअर मारतात. चंद्रपूर आणि यवतमाळ भागात खडकातल्या पाण्यात फ्लोराईड निसर्गतःच असते. विहीर आटली, बोअर खोल गेली आणि फ्लोराईड तोंडात आले, अशी साखळी होऊ शकते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चांगले, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर गेले की आधी मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षे प्यायले तर सांधे आखडतात, पाठ वाकते. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे ते थोडे दाटच होते.

त्या मुलीला मी झोपेच्या गोळ्या दिल्या नाहीत. तिला चार कामे दिली. तड्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच तडकली तर भिंत अजून सरकते आहे, आणि मग एक दिवसही न थांबता घर सोडायचे, तहसीलदारांना लेखी कळवायचे. घराखाली किंवा जवळ जुनी खाण आहे का, हे खाणीच्या कार्यालयाकडे लेखी विचारायचे आणि पोच घ्यायची. बोअरचे पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्यायचे. आणि परिसरात जमिनीच्या भेगेतून धूर किंवा गरम वाफ येताना दिसली तर मुलांना तिकडे फिरकू द्यायचे नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. सगळ्या घराचे एकाच वेळी डोके दुखू लागले तर ते सर्दीचे समजू नये. अशा भागातल्या जुन्या विहिरीत कोणी उतरू नये, आणि आत हवा आहे की नाही ते बघायला पेटता कंदील तर मुळीच सोडू नये. तिथे जळणारा वायू असला तर कंदीलच घात करतो.

"आणि बीपी?" वडिलांनी विचारले. मी म्हटले, आधी काच लावू, मग बीपी पुन्हा मोजू.

ती दोघे निघाली तेव्हा वडील दारात थांबले. त्यांच्या घरामागच्या सड्यावर एक सोडून दिलेली चिरेखाण आहे. पावसात ती काठोकाठ भरते, वाडीतली मुले पोहायला जातात, ऑक्टोबरात तिथे डास होतात. "ती आम्ही कधी भरली नाही," ते म्हणाले. मी ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज त्यांना तिथेच लिहून दिला. खाणीतूनच निघालेली माती बाजूला पडून आहे, तीच आत लोटावी आणि तोवर कुंपण घालावे, असे त्यात लिहिले.

गणपतीत मुलीचा फोन आला. काच अजून शाबूत आहे. पाण्याच्या रिपोर्टात फ्लोराईड मर्यादेपेक्षा थोडे जास्त निघाले, म्हणून पिण्याचे पाणी आता नळाचे आणतात. खाणीच्या कार्यालयाकडून उत्तर आलेले नाही, तिने दुसरे पत्र पाठवले आहे. झोपते मात्र अजून पुढच्याच खोलीत.